वक्री वादळ

न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात, कुंपणापासून आणि मेपलच्या झाडापासून जमेल तितकी दूर, प्लायवुडची एक पांढरी रंगवलेली चौकोनी फळी डिसेंबर ते मार्च जमिनीवर पडून असते. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना ती अर्धवट राहिलेल्या सुतारकामाची खूण वाटते, आणि काही जण ती उचलून भिंतीला टेकवून ठेवण्याचा उपकारही करतात. ती बर्फ मोजण्याची फळी आहे. तिच्याशेजारी एका खांबावर चार इंच व्यासाचे पारदर्शक पर्जन्यमापक आहे, आणि या दोन वस्तूंच्या आधारे गेल्या चोवीस तासांत आमच्या अंगणात आकाशातून काय आणि किती पडले ते मी रोज सकाळी सात वाजता कोकोराज नावाच्या एका स्वयंसेवी जाळ्याला कळवते. १९९७ च्या जुलैमध्ये कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात पूर आला, तेव्हा गावाच्या एका भागात आभाळ फाटल्यासारखा पाऊस झाला होता आणि दुसऱ्या भागात त्या मानाने किरकोळ. मधला फरक टिपायला मापके पुरेशी दाट नव्हती, म्हणून पुढच्या वर्षी लोकांच्या घरोघरच्या मापकांचे हे जाळे सुरू झाले. पाऊस इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत आणि बर्फ दहाव्या भागापर्यंत मोजायचा, आणि काहीच पडले नसेल तर शून्यही न विसरता कळवायचे, असा त्याचा शिरस्ता आहे.

२ मार्च २०१८ च्या शुक्रवारी सकाळी सात वाजता त्या फळीवर फक्त पाणी होते. आदल्या रात्री होळी पौर्णिमा झाली होती, आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘होळी जळाली, थंडी पळाली’ असे संदेश पुरणपोळीच्या छायाचित्रांसह फिरत होते, आणि त्याच संदेशांच्या गर्दीत मी मात्र नॅशनल वेदर सर्व्हिसचा, म्हणजे इथल्या सरकारी हवामान खात्याचा, इशारा टाकला होता की शुक्रवारी पावसाने सुरुवात होईल, दुपारनंतर त्याचा बर्फ होईल, वारा घोंघावेल आणि हे वादळ किनाऱ्याजवळ रेंगाळणार असल्यामुळे सगळा प्रकार लवकर आटोपणार नाही. सकाळचा पाऊस पाहून एकाने लगेच विचारले, ‘कुठे आहे तुमचा स्नो?’ अशा प्रश्नाला उत्तर देता येत नाही असे नाही, पण ते उत्तर दोन ओळींत मावत नाही, आणि गटावर तिसरी ओळ कोणी वाचत नाही.

उत्तर असे की स्नो तेव्हाही होताच, फक्त तो आमच्या डोक्यावर काही शे मीटरवर होता. हिवाळ्यात इथे पडणारा बहुतेक पाऊस वर ढगात बर्फ म्हणूनच जन्माला येतो आणि खाली येताना शून्य अंशाच्या वर तापलेल्या हवेच्या थरातून गेला की वितळतो. पुण्यात वळवाच्या पावसात गारा पडल्या की आम्ही पोरे त्या वेचायला धावत असू, तेव्हा हे ठाऊक नव्हते की त्यांच्याबरोबर पडणाऱ्या टपोऱ्या थेंबांतले बरेचसे थेंबही वर बर्फच होते आणि गारा म्हणजे त्यातल्या न वितळता पोचलेल्या. रडारच्या चित्रात हा वितळण्याचा थर दिसतो, कारण पृष्ठभागावर पाण्याचा मुलामा चढलेला हिमकण रडारला कोरड्या हिमकणापेक्षा किंवा थेंबापेक्षा जास्त ठळक भासतो आणि पडद्यावर एक उजळ कडे उमटते. २०१३ पर्यंत अमेरिकेतल्या सरकारी रडारांची सुधारणा पुरी झाली, ती यंत्रे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही दिशांनी कंप पावणाऱ्या लहरी सोडू लागली, आणि पडणारी वस्तू गोल आहे, चपटी आहे की वेडीवाकडी, हे त्यावरून बरेचसे उमगू लागले. पण ते आत्ता काय चालले आहे त्याचे ज्ञान झाले. सहा तासांनी तो थर कुठे असेल, हे रडार सांगत नाही.

मार्चच्या वादळात हा प्रश्न अधिक चिवट होतो. जानेवारीत कॅनडाकडून आलेली थंडी जमिनीवर इतकी जाड पसरलेली असते की काय पडणार याबद्दल फारसा वाद नसतो. फेब्रुवारी सरता सरता ती चादर विरलेली असते, ऊन चढलेले असते, दिवसा पडलेला बर्फ काळ्या डांबरावर टिकत नाही, आणि तरी शेजारचा अटलांटिक वर्षातला सर्वांत थंड असतो. २ मार्चच्या त्या वादळाला उत्तरेकडून थंडीचा म्हणावा तसा पुरवठाच नव्हता. त्याला आपली थंडी आपणच तयार करावी लागणार होती, आणि ती अशी तयार होते की वादळाच्या पोटात हवा वेगाने वर चढते, वर चढताना प्रसरण पावून गार होते, आणि त्या हवेतून भरभरून पडणारा बर्फ वितळताना आपल्या भोवतीच्या हवेतली उष्णता शोषून घेतो. एक ग्रॅम बर्फाचे पाणी व्हायला ऐंशी कॅलरी लागतात. भुरभुर बर्फ पडला तर त्याने हवा फारशी गार होत नाही आणि तो पाऊसच राहतो. पण तोच मुसळधार पडू लागला तर वितळता वितळता तो हवेचा सगळा थर शून्यावर आणून ठेवतो, आणि मग त्याच्या मागून येणारा बर्फ न वितळता जमिनीपर्यंत पोचतो. म्हणजे बर्फ पडेल की पाऊस, हे किती जोरात पडेल यावर अवलंबून, आणि किती जोरात पडेल हे वादळाचा सर्वांत जोरकस पट्टा नेमका कोणत्या गावावरून जाईल यावर. या साखळीतली एखादी कडी पंधरा मैल इकडेतिकडे झाली तर एका गावात मुले बाहुला करतात आणि शेजारच्या गावात छत्र्या उघडतात.

वादळ भरधाव असेल तर या चुकीची शिक्षा मर्यादित राहते. तासाला एक इंच बर्फ टाकणारा पट्टा सहा तासांत निघून गेला तर अंदाज फार तर सहा इंचांनी चुकेल. तोच पट्टा एका जागी दिवसभर बसला, तर त्याच्या खाली असलेल्यांना दोन फूट बर्फ आणि त्याच्या काठाबाहेर असलेल्यांना नुसता चिखल मिळतो. लोक समजतात की हळू चालणाऱ्या वादळाचा अंदाज सोपा असणार, कारण ते दिसते आहे, येते आहे, आपल्याला वेळ आहे. प्रत्यक्षात येणार की नाही हा त्याच्या बाबतीत प्रश्नच नसतो. ते आल्यावर कुठे बसणार, हा प्रश्न असतो. न सांगता येणारा आणि आल्यावर न उठणारा पाहुणा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. ज्या खोलीत तो बसेल त्या खोलीतल्यांचे हाल होतात, इतकेच.

ग्रीनलंडच्या आसपास वातावरणाच्या वरच्या थरात जास्त दाबाचे एक ठाणे बसले की ही अडवणूक होते. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाण्याची वादळांची नेहमीची वाट बंद होते आणि मागून आलेले वादळ पुढे सरकायचे सोडून किनाऱ्याजवळ घुटमळते, कधी गोल फिरते, कधी चक्क उलटे चालते. आपल्याकडे शनी वक्री झाला की घरात काळजीचे वातावरण पसरते. मी वादळ वक्री झालेले २०१० साली पाहिले.

तेव्हा आम्ही जर्सी सिटीत एका उंच इमारतीत भाड्याने राहत होतो आणि हवामानाचा मला आजच्याइतका छंद नव्हता. तो हिवाळाच विलक्षण होता. फेब्रुवारीच्या ५ आणि ६ तारखेला फिलाडेल्फियात २८.५ इंच बर्फ पडला आणि शंभर मैलांच्या आतच असलेल्या न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात मोजण्याजोगा काहीच पडला नाही. त्या शनिवारी आम्ही कोरड्या रस्त्याने भाजी आणायला गेलो होतो, आणि फिलाडेल्फियातली मैत्रीण फोनवर दार उघडत नाही म्हणून सांगत होती. मग २५ तारखेला, गुरुवारी, समुद्रातल्या एका कमी दाबाच्या क्षेत्राने झपाट्याने जोर धरला, आणि ईशान्येला निघून जायचे सोडून ते मागे वळून पश्चिमेकडे, आमच्या दिशेने, येऊ लागले. त्याने समुद्रावरची उबदार हवा उचलून उत्तरेकडून वळसा घालून आणली होती, त्यामुळे शाळेत शिकलेला भूगोल उलटा झाला: उत्तरेच्या बॉस्टनमध्ये प्रामुख्याने पाऊस, आणि त्याच्या दोनशे मैल नैर्ऋत्येला असलेल्या न्यूयॉर्कमध्ये बर्फ. लाँग आयलंडच्या पूर्व टोकालाही पाऊसच होता. पूर्वेकडे जावे तितकी हवा उबदार आणि पश्चिमेकडे यावे तितकी गार, आणि या दोन प्रदेशांच्या मधली सीमा आमच्या घराच्या आसपास कुठेतरी होती.

आसपास म्हणजे किती आसपास, ते त्या दिवशी लिफ्टमध्ये कळले. आमच्या सत्ताविसाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर मोठमोठे, एकमेकांना चिकटलेले, कापूस पिंजल्यासारखे हिमकण आडवे उडत होते. मी बूट, टोपी, मोजे चढवून खाली उतरले तर फुटपाथवर पडत होते ते धड पाऊस नव्हते आणि धड बर्फही नव्हते. बाहीवर टेकेपर्यंत त्याला आकार असे आणि टेकले की त्याचे पाणी होई. वर परत आले तर पुन्हा बर्फ. इमारतीच्या उंचीने तापमानात जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक पडतो, पण सीमेवर उभे असताना तेवढा फरक पुरतो. मी त्या दुपारी निमित्त काढून तीनदा खालीवर केले. रात्री ती सीमा आमच्या पायांखालून पूर्वेकडे सरकली, रस्त्यांवरही बर्फ साठू लागला, आणि शुक्रवारी सकाळी सगळे शहर बंद होते. सेंट्रल पार्कातली मोजणी २०.९ इंच भरली. त्या महिन्याची एकूण बेरीज ३६.९ इंच झाली आणि मार्च १८९६ चा ३०.५ इंचांचा जुना विक्रम मोडला. पार्कात ओल्या बर्फाच्या ओझ्याने तुटलेली फांदी अंगावर पडून एक माणूस दगावला. ओला बर्फ किती जड असतो हे आपल्याला दिसत नाही, झाडाला कळते. एका खासगी हवामान कंपनीने या वादळासाठी ‘स्नोइकेन’ असा जोडशब्द काढला होता, त्यावर हवामानशास्त्रज्ञांमध्ये बरीच तू-तू-मैं-मैं झाली. मला तो शब्द आजही आवडत नाही. हरिकेन शब्द ऐकून माणूस समुद्राकडे बघतो, आणि आमचा त्रास छपरावर होता.

अशी वक्री चाल अगदी नवी नाही. १८८८ च्या ११ मार्चला, रविवारी, न्यूयॉर्कमध्ये पाऊस पडत होता. सोमवारी थंड पश्चिमी वारे सुटून उघडीप होईल असा सिग्नल सर्व्हिसचा अंदाज होता, कारण त्या काळी हवामानाचे काम लष्कराच्या सिग्नल खात्याकडे होते. मध्यरात्रीनंतर पावसाचा बर्फ झाला. थंड पश्चिमी वारे सुटले ही अंदाजातली गोष्ट खरी ठरली, पण वादळ निघून गेल्यामुळे ते सुटलेले नव्हते. वादळ न्यू इंग्लंडच्या दक्षिणेला समुद्रात अडून बसले होते आणि त्याच्या पश्चिम अंगाला न्यूयॉर्क सापडले होते. शहरात २१ इंच, न्यू हेवनमध्ये पावणेचार फूट, ऑल्बनीत जवळजवळ चार फूट बर्फ पडला, आणि बॉस्टनमध्ये बव्हंशी चिखलपाणी झाले. पश्चिमेला बर्फ आणि पूर्वेला पाऊस, हे चित्र एकशे बावीस वर्षांनी २०१० मध्ये पाहिले त्याच वळणाचे आहे. त्या वादळात सुमारे चारशे माणसे मेली. जहाजांवरून बिनतारी संदेश यायचे दिवस तेव्हा उजाडले नव्हते, आणि जे काही शिजत होते ते समुद्रावर शिजत होते, त्यामुळे अंदाज करणाऱ्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. ११ मार्च ही तारीख मराठी माणसाला दुसऱ्या कारणाने माहीत असते: १८८६ मध्ये त्याच दिवशी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या आधी ज्या रोझेल गावात कार्पेंटरबाईंकडे राहिल्या ते आमच्या एडिसनहून गाडीने अर्ध्या तासावर आहे. त्या भागातून मार्चमध्ये जाताना, साडीत इकडचा हिवाळा काढणाऱ्या त्या मुलीची आठवण मला दर वेळी होते.

माझे बालपण शिवाजीनगरला गेले, आणि आमच्या घरी हवामानाचा अंदाज म्हणजे ‘सिमला ऑफिस’. पावसाळ्यात आजोबा रेडिओ लावत आणि कोणी मध्ये बोलले की हात वर करून म्हणत, ‘थांबा, सिमला ऑफिस काय म्हणतंय ते ऐकू दे.’ हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले, पुढे ते दिल्लीला गेले, पण चौकाचे आणि बसथांब्याचे नाव सिमला ऑफिस असेच राहिले. ज्या गावात कधी बर्फ पडला नाही तिथे पावसाचा अंदाज बर्फाच्या गावाच्या नावाने ओळखला जावा, याचे तेव्हा काही वाटत नसे. आजी पंचांगात नक्षत्राचे वाहन बघे. बेडूक किंवा म्हैस असली की तिला समाधान वाटे, आणि दोन्ही अंदाज चुकले तरी तिचा पंचांगावर राग नसे, सिमला ऑफिसवर असे.

त्या रेडिओवरच्या ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ या शब्दांची आम्ही भरपूर टिंगल केली. हे म्हणजे अंदाजपंचे, कसेही झाले तरी खरेच ठरणार, असे आमचे मत होते. पुष्कळ वर्षांनी, इकडे आल्यावर, मला कळले की त्या प्रत्येक शब्दाला माप आहे: तुरळक म्हणजे त्या विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर, काही ठिकाणी म्हणजे ५० टक्क्यांपर्यंत, आणि असेच पुढे. इथल्या अंदाजातही ‘शक्यता’ आणि ‘बहुधा’ यांच्यात टक्क्यांची भिंत आहे. साठ टक्क्यांच्या खाली ‘बहुधा’ लिहायचे नाही. ज्यांना आम्ही गुळमुळीत बोलणारे समजत होतो ते आपल्या अनिश्चिततेचे वजन काट्यावर करून सांगत होते, आणि आम्हाला फक्त काटा हलताना दिसत होता.

नॅशनल वेदर सर्व्हिसची प्रत्येक कचेरी दिवसातून काही वेळा एक गद्य मजकूर प्रसिद्ध करते, ज्यात अंदाज लिहिणारा माणूस आपण तो तसा का केला हे समव्यावसायिकांना समजावे अशा भाषेत लिहितो. एडिसनसाठी तो माउंट हॉली गावातून निघतो, आणि पाचसहा मैल उत्तरेला गेले की लाँग आयलंडवरच्या अप्टन कचेरीचे राज्य लागते. नकाशे सगळेच पाहतात. मला हा मजकूर वाचायचे व्यसन आहे. पहाटे चारच्या सुमारास लिहिलेल्या त्या परिच्छेदांत एक थकलेला, सावध माणूस भेटतो. संगणकावर चालणारे युरोपीय मॉडेल एक सांगते, अमेरिकन दुसरे. युरोपीय मॉडेल थोडी थोडी वेगळी सुरुवात देऊन एक्कावन्न वेळा चालवले जाते, त्यातल्या काही धावांत उबदार हवेची जीभ किनाऱ्यावर थांबते आणि काहींत ती तीस मैल आत येते. अप्टनहून सकाळ-संध्याकाळ सोडल्या जाणाऱ्या फुग्याने दीड किलोमीटर उंचीवर मोजलेले तापमान मॉडेलने धरले होते त्यापेक्षा किंचित जास्त निघते. आणि शेवटी त्या माणसाला या सगळ्यातून एक आकडा नकाशावर लिहावा लागतो. आकडा लिहिला की शंका खाली राहते. आमच्या गटावर पोचतो तो आकडा.

२०१७ मध्ये तो पोचवणारी मीच होते. त्या वर्षीही वादळ होळीला लागूनच आले: सोमवार, १३ मार्च, धुळवड. न्यूयॉर्क आणि उत्तर न्यू जर्सीसाठी दीड ते दोन फुटांचा अंदाज आणि हिमवादळाचा इशारा होता. गटावर मला चेष्टेने ‘सिमला ऑफिस’ म्हणू लागले होते, आणि खरे सांगायचे तर ती चेष्टा मला आवडत असे. मंडळातल्या एक ज्येष्ठ काकू, ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, त्यांचा फोन आला: बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे आहे, मंगळवारी हे तुझे वादळ, बुधवारी रस्ते उघडतील का? मी त्यांना किनाऱ्याजवळची उबदार हवा, पाऊस-बर्फाची सीमा, अनिश्चितता, असे सगळे सांगू लागले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘अगं, ते असू दे. जाऊ का नको, तेवढं सांग.’

मी म्हणाले, ‘नका जाऊ, काकू. दोन फूट पडला तर गुरुवारशिवाय गाडी बाहेर निघायची नाही.’

सीमा आत सरकली. आमच्याकडे मंगळवारी पहाटे बर्फाचे टपोरे कण थोडा वेळ पडले आणि मग त्यांची जागा तांदळाच्या कणीसारख्या टणक, टकटक वाजणाऱ्या बर्फकणांनी घेतली, जे साचत नाहीत, नुसते बसतात. सेंट्रल पार्कात ७.६ इंच भरला. वादळ खोटे नव्हते. न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या बाजूला, बिंगहॅम्टनमध्ये, सुमारे तीन फूट बर्फ पडला. पण बुधवारी दुपारी एडिसनचे रस्ते मोकळे होते, काकूंची ठरलेली वेळ हुकलेली होती, आणि पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली होती. त्याच सुमारास बातमी आली की सोमवारी दुपारीच हवामान खात्यातल्या लोकांना आकडा कमी करावा लागेल अशी चिन्हे दिसली होती, त्यावर त्यांची आपसांत चर्चाही झाली होती, पण ऐन वेळी आकडा खाली आणला तर लोक निष्काळजी होतील, आणि पुन्हा वाढवावा लागला तर विश्वास उडेल, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. या निर्णयावर तेव्हा खूप टीका झाली. मला ती पूर्ण पटली नाही आणि तो निर्णयही पूर्ण पटला नाही. गाडीच्या काचेवरच्या वायपरसारखा अंदाज रोज इकडून तिकडे हलवणे वाईट, हे खरे. पण आपल्याला जे कळले आहे ते लोकांच्या भल्यासाठी त्यांच्यापासून राखून ठेवणे हे अंदाजाचे काम नव्हे, वडीलधाऱ्यांचे आहे. आणि हे मी म्हणते आहे, जिने काकूंना शंभरातले साठ सांगायचे सोडून ‘नका जाऊ’ सांगितले होते. पंधरा दिवसांनी पाडव्याला भेटल्या तेव्हा त्यांनी विषय काढला नाही. मीच काढला, माफी मागितली, आणि म्हणाले की मला नक्की माहीत नव्हते. काकू म्हणाल्या, ‘मग तसं सांगायचं ना. नक्की माहीत नाही, हेही मला चाललं असतं. मी माझं ठरवलं असतं.’

मधल्या वर्षात त्या मुलाकडे पार्सिपनीला राहायला गेल्या. ते गाव आमच्यापासून पाऊण तासावर, उत्तरेला, थोड्या चढावर आणि समुद्रापासून आणखी आत. १ मार्च २०१८ ला त्यांचा फोन आला तेव्हा मी आधीच ठरवले होते की आकडा सांगायचा नाही. मी म्हणाले की सकाळी नक्की पाऊस, दुपारनंतर बर्फ व्हायची शक्यता तुमच्याकडे माझ्यापेक्षा बरीच जास्त, किती पडेल ते तो किती जोरात पडेल त्यावर, आणि ते मला माहीत नाही. बाहेर जायचे असेल तर सकाळीच जाऊन या. ‘हे बरं सांगितलंस,’ त्या म्हणाल्या, आणि मग बर्फ मोजतात कसा, याची त्यांनी इतकी बारीक चौकशी केली की मला जरा नवलच वाटले. फळी कुठे ठेवतेस? पांढरीच का? गवतावर मोजले तर काय बिघडते? मी सांगितले की गवतावर बर्फ तरंगतो आणि खाली पोकळी राहते, काळी फळी उन्हाने तापते, आणि मोजून झाल्यावर फळी पुसून पुन्हा नव्या बर्फावर ठेवायची असते.

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास मी ऑफिसचे काम घरून करत खिडकीशी बसले होते. वारा इतका होता की मापकाचा खांब हलत होता, आणि पाऊस तिरका येत होता. पावसाचा जोर वाढला. पंधरावीस मिनिटांत त्या रेघांमधली एखादी रेघ मध्येच मंद झाल्यासारखी दिसू लागली, मग तशा रेघा वाढल्या, मग रेघा राहिल्याच नाहीत, सगळे मऊ आणि हळू झाले. खिडकीबाहेरचा तापमापक तेवढ्या वेळात चार अंश फॅरेनहाइट उतरून तेहतिसावर आला होता. पुस्तकात वाचलेली थंडी तयार होण्याची क्रिया डोळ्यांसमोर झाली होती, आणि मी मीटिंगमध्ये असल्यामुळे कोणाला दाखवू शकत नव्हते. त्याच वेळी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर होळी पौर्णिमेचे उधाण आणि हेच वादळ एकत्र आले होते. वादळ हलत नव्हते, म्हणून एका भरतीवर भागले नाही, पाणी पुढच्या भरतीलाही रस्त्यांवर आले आणि त्याच्याही पुढच्या.

रात्री कधीतरी आमच्याकडचा बर्फ थांबला. शनिवारी सकाळी सात वाजता फळीवर तीन इंचांना किंचित कमी भरला. मापकाचा बाहेरचा गोल नळा उलटा करून त्या बर्फात दाबायचा, मोठ्या पोळीवर वाटी दाबून पुऱ्या पाडाव्यात तसा, आणि खाली पत्रा सरकवून ती चकती उचलायची. ती ओट्यावर आणून त्यात मोजून घेतलेले कोमट पाणी ओतायचे, बर्फ विरघळला की सगळे पाणी बारीक नळीत ओतायचे, आणि आपण घातलेले वजा करायचे. कोरडा बर्फ असता तर दहा इंचांचे एक इंच पाणी झाले असते, फार थंडीत पंधरा-वीस इंचांचे. या तीन इंचांचे जवळजवळ अर्धा इंच पाणी भरले, सहास एक. फावड्याने उचलताना कंबर सांगत होती तेच नळीने सांगितले. मी आकडे लिहून घेतले, फळी पुसली, परत जागेवर ठेवली, आणि आत येऊन नोंद पाठवत होते तेवढ्यात फोन वाजला.

‘साडेसहा इंच,’ काकू म्हणाल्या. ‘ब्लाउजच्या टेपने मोजलाय, तीन ठिकाणी. जुना पोळपाट ठेवला होता गच्चीवर, पांढरा नाही, पण त्याच्यावर पीठ पसरून ठेवलं होतं, चालेल ना?’

मी म्हणाले, पीठ भिजेल, काकू, पण आकडा चालेल.

‘भिजलंच ते. सूनबाई ओरडतेय. बरं, आता हा पुसून परत ठेवायचा का? परत यायचंय का काही?’

मी म्हणाले, बुधवारी एक येईल असे दिसते आहे. नक्की माहीत नाही.

‘मग ठेवते,’ त्या म्हणाल्या.